आलेख धूसर का दिसतो आणि चुकीचा का दिसतो

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण माध्यमिक वर्गांना गणित आणि विज्ञान शिकवता, सरावपत्रिकांसाठी लागणारे आलेख स्प्रेडशीटमध्ये तयार करता, पडद्यावर ते नीटनेटके दिसतात, पण छापल्यावर अक्षरे बारीक होतात, रेषा धूसर होतात आणि मुले आलेखावरून किंमत वाचताना अडखळतात. सोबत गरम पाणी निवण्याच्या प्रयोगाचा आलेख आणि त्याचे आकडे देऊन आपण विचारले आहे की, याहून चांगले सॉफ्टवेअर कोणते.

मी गेली बावीस वर्षे हेच दोन विषय शिकवते आणि प्रश्नपत्रिकांसाठी आकृत्याही काढते, म्हणून स्पष्टच लिहिते. आपल्या तक्रारीत दोन वेगवेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत. छपाई धूसर येणे ही तांत्रिक अडचण असून ती अर्ध्या तासात सुटते. मुलांना आलेख वाचता न येणे ही अडचण मात्र आलेख काढण्यापूर्वी घेतलेल्या, किंवा न घेतलेल्या, निर्णयांची आहे आणि तिला कोणतेही सॉफ्टवेअर पुरे पडत नाही. आपण जोडलेला आलेख तर अगदी स्वच्छ छापला असता तरीही मुलांना उलटीच गोष्ट शिकवून गेला असता. त्याकडे मी पुढे येते.

आधी छपाईचे पाहू. पडद्यावरच्या आलेखाचा स्क्रीनशॉट घेऊन तो पत्रिकेत चिकटवणे हे धुसरपणाचे नेहमीचे कारण असते. असे चित्र साधारण ६०० पिक्सेल रुंद असते आणि आपण ते पानावर १६ सेंटिमीटर रुंदीला ताणतो, तेव्हा प्रत्येक इंचात जेमतेम ९५ ठिपके उरतात. स्वच्छ छपाईसाठी ३०० तरी लागतात. शक्य असेल तेथे आलेख पीडीएफ किंवा एसव्हीजी स्वरूपात साठवावा, कारण त्यात रेषा ठिपक्यांनी बनलेली नसून रेषा म्हणूनच साठवली जाते आणि कितीही मोठी केली तरी फुटत नाही. दुसरे कारण याहून साधे आहे. आलेख पडद्यावर मोठा करून काढायचा आणि मग पानावर बसवण्यासाठी कोपरा धरून निम्मा करायचा, अशी आपल्यापैकी बहुतेकांची सवय असते. त्यात १० पॉइंटची अक्षरे ५ पॉइंटची होतात आणि बारीक रेषा झेरॉक्समध्ये नाहीशी होते. म्हणून पानावर आलेख किती रुंद हवा ते आधी ठरवून त्याच मापात तो काढावा. माझ्या पत्रिकांत अक्षांची रेषा पाऊण पॉइंट, मुख्य वक्र दीड पॉइंट आणि मागची जाळी अर्ध्या पॉइंटची, फिकट करड्या रंगाची असते. ही मापे म्हणजे नियम नव्हेत. वक्र सर्वांत ठळक, अक्ष त्याहून बारीक आणि जाळी सर्वांत फिकट हा क्रम राखला की पुरते.

आता वाचता न येण्याकडे वळू. येथे बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. आलेख प्रोजेक्टरवर दोन मिनिटे दाखवायचा आहे की मुलांनी त्यावरून किंमती वाचायच्या आहेत, की त्याच आलेखावर पेन्सिलीने काही काढायचे आहे, यानुसार उत्तर बदलते. केवळ आकार दाखवायचा असेल तर जाळी आणि आकड्यांची गर्दी काढून टाकावी. किंमती वाचायच्या असतील तर जाळी हवीच. मुलांनी त्यावर काढायचे असेल तर जाळी छापील आलेख-कागदासारखी, खऱ्या मापाची हवी. या शेवटच्या प्रकारात एक छोटी चूक फार सतावते: छापताना ‘पानावर बसवा’ हा पर्याय निवडलेला राहिला की १ सेंटिमीटरचे घर साडेनऊ मिलिमीटरचे होते आणि मग मुलांची पट्टी आणि कागद यांचा मेळ बसत नाही. छपाईचे प्रमाण १०० टक्के ठेवावे आणि पहिली प्रत पट्टीने मोजून पाहावी.

परंतु या सर्वांहून मूलभूत असा एक भेद आहे, जो मला स्वतःला शिकवायला लागल्यावर सहा-सात वर्षांनी नीट उमगला. गणिताच्या तासाचा आलेख आणि विज्ञानाच्या तासाचा आलेख दिसायला सारखे असले तरी त्यांचे काम वेगळे आहे. गणितातला आलेख हे एका नियमाचे चित्र असते. त्यावरचा प्रत्येक बिंदू त्या समीकरणाचे समाधान करतो, आणि दोन बिंदूंच्या मधली रेषाही तितकीच खरी असते. विज्ञानातला आलेख हे मोजमापांचे चित्र असते. बिंदू तेवढे आपण मोजलेले असतात, त्यांच्यातही थोडीफार त्रुटी असते आणि मधली रेषा हा आपला अंदाज असतो. स्प्रेडशीट या दोहोंपैकी कोणासाठीच बनलेले नाही. ते महिन्यांचे आणि वर्षांचे हिशेब मांडण्यासाठी बनले आहे. विल्यम प्लेफेअर याने १७८६ साली व्यापाराचे आकडे रेषांनी आणि स्तंभांनी मांडून दाखवले, त्याच घराण्यातले हे आलेख आहेत, आणि तेथे एक वर्ष आणि पुढचे वर्ष यांतले अंतर नेहमी सारखेच असल्याने एक प्रश्न कधी उद्भवतच नाही. तो प्रश्न आपल्या निवत्या पाण्याच्या आलेखात उद्भवला आहे.

आपले आकडे असे आहेत: ०, १, २, ५, १० आणि २० मिनिटांना पाण्याचे तापमान अनुक्रमे ८०, ७६, ७३, ६४, ५२ आणि ३९ अंश सेल्सिअस, आणि खोलीचे तापमान २५ अंश. आपण ‘लाइन’ प्रकारचा आलेख निवडला. या प्रकारात स्प्रेडशीट वेळेच्या रकान्याकडे संख्या म्हणून पाहत नाही, नावांची यादी म्हणून पाहते, आणि सहाही नावे समान अंतरावर मांडते. त्यामुळे २ ते ५ या तीन मिनिटांना जेवढी जागा मिळाली तेवढीच १० ते २० या दहा मिनिटांना मिळाली. एका टप्प्यात तापमान ४ अंशांनी उतरलेले दिसते, नंतर ३, मग ९, १२ आणि १३ अंशांनी. रेषा पुढे पुढे अधिक तीव्रतेने खाली कोसळते आणि पाहणाऱ्याला वाटते की पाणी जसजसे निवते तसतसे ते अधिक वेगाने निवू लागते. प्रत्यक्षात दर मिनिटाची घट पाहिली तर ती ४, ३, ३, २.४ आणि १.३ अंश अशी कमी कमी होत जाते. पाण्याचे तापमान खोलीच्या जवळ येऊ लागले की निवण्याचा वेग मंदावतो, आणि तेच तर या प्रयोगातून शिकवायचे असते. आपला एकही आकडा चुकलेला नाही, तरी आलेख खोटे बोलतो. उपाय एवढाच की ‘लाइन’ऐवजी ‘एक्सवाय स्कॅटर’ हा प्रकार निवडावा. विज्ञानाच्या मोजमापांसाठी मी स्प्रेडशीटमध्ये दुसरा कोणताही रेषालेख वापरत नाही, अंतरे समान असली तरीही. सवय एकच असलेली बरी.

प्रकार ठरला की प्रमाण ठरवायचे, आणि हातात आलेख-कागद असो वा संगणक, सर्वाधिक आलेख येथेच बिघडतात. एका घराला १, २ किंवा ५, अथवा त्यांची दहापट, दशांश अशी किंमत द्यावी. ३, ६, ७ यांना दूर ठेवावे. का, ते एका उदाहरणाने सांगते. साध्या लंबकाच्या प्रयोगात आडव्या अक्षावर लांबी आणि उभ्या अक्षावर आवर्तकालाचा वर्ग घेतो. समजा ०.६० मीटर लांबीला २० आंदोलने ३१.१ सेकंदांत झाली, आवर्तकाल १.५५५ सेकंद आणि त्याचा वर्ग २.४२. उभ्या अक्षावर १ सेंटिमीटरला ०.२ हे प्रमाण घेतले असेल तर १ मिलिमीटरचे एक बारीक घर ०.०२ चे होते आणि २.४२ हा बिंदू नेमका १२१ व्या बारीक रेषेवर पडतो. कागद भरून दिसावा म्हणून कोणी ०.३ घेतले तर बारीक घर ०.०३ चे होते आणि तोच बिंदू ८०.६७ व्या घरात शोधावा लागतो. विद्यार्थी तेथे गणित करत बसतो, चुकतो, आणि पुढे आलेखावरून वाचतानाही पुन्हा तेच गणित उलटे करतो. कागदाचा निम्म्याहून अधिक भाग वापरला जावा हा नियम योग्यच आहे. पण या दोहोंत ओढाताण झाली तर मी सोप्या प्रमाणाच्या बाजूने उभी राहते आणि थोडा कागद कोरा सोडते.

अक्ष शून्यापासून सुरू करावा का, याचे सरसकट उत्तर देता येत नाही. स्तंभालेखात होय, नेहमीच, कारण तेथे डोळा स्तंभाची उंची मोजतो. ४० पासून सुरू केलेल्या अक्षावर ५० चा स्तंभ ४५ च्या दुप्पट उंच दिसतो. बिंदूंच्या आलेखात डोळा स्थान आणि चढ पाहतो, म्हणून तेथे शून्य आवश्यक नाही. आपल्या निवत्या पाण्याला उभा अक्ष २० ते ८५ अंश घेतला तर काहीच बिघडत नाही. उलट २५ अंशांवर एक आडवी तुटक रेषा काढून ‘खोलीचे तापमान’ असे तिच्यावरच लिहिले तर वक्र कोणत्या दिशेने वाकतो हे मुलांना न सांगता कळते. मात्र दोन राशी समप्रमाणात आहेत असा दावा करायचा असेल तेव्हा आरंभबिंदू आलेखात दिसलाच पाहिजे, कारण रेषा तेथून जाते की नाही हाच पुरावा असतो. वायूचे आकारमान आणि तापमान यांच्या आलेखात तर डावीकडे उणे ३०० अंशांपर्यंत जागा सोडावी लागते. ती सोडली नाही तर रेषा मागे वाढवून, जेथे आकारमान शून्य होईल त्या उणे २७३ अंशांच्या जवळ पोहोचण्याची गंमतच हरवते.

बिंदू कसे मांडावेत आणि त्यांतून रेषा कशी काढावी, याबाबत मी वर्गात फार कडक असते. पेन्सिलीचा जाड ठिपका सहज २ मिलिमीटरचा होतो, म्हणजे वरच्या प्रमाणात ०.०४ सेकंद वर्ग एवढी जागा झाकतो. म्हणून बारीक फुली किंवा वर्तुळातला टिंब. बिंदूला बिंदू जोडत वाकडीतिकडी रेषा काढू नये. सर्व बिंदूंचा कल सांगणारी एक सरळ रेषा किंवा एक सुबक वक्र काढावा. चढ काढताना रेषेवरचे दोन दूरचे बिंदू घ्यावेत, तक्त्यातले नव्हेत. आणि रेषा आरंभबिंदूतून बळेच ओढू नये.

या शेवटच्या सूचनेमागे एक प्रसंग आहे. एका वर्षी लंबकाच्या प्रयोगात जवळजवळ सगळ्या गटांच्या रेषा आरंभबिंदूच्या साधारण तीन बारीक घरे वरून गेल्या. मुलांना वाटले आपले चुकले, आणि दोन गटांनी खोडून रेषा शून्यातून नेलीही. मी त्यांना थांबवून तीन घरांची किंमत काढायला लावली: ०.०६. रेषेचा चढ आला होता ४.०३ च्या आसपास. एकाला दुसऱ्याने भागल्यावर आले ०.०१५ मीटर, म्हणजे दीड सेंटिमीटर. लंबकाच्या गोळ्याचा व्यास ३ सेंटिमीटर होता. सर्वांनी लांबी गोळ्याच्या माथ्यापर्यंत मोजली होती, मध्यापर्यंत नव्हे. राहून गेलेली त्रिज्या आलेखाने उभ्या अक्षावर दाखवून दिली होती. चढाला मात्र धक्का लागला नव्हता, त्यामुळे त्यावरून काढायचे गुरुत्वत्वरणाचे उत्तर तरीही बरोबर येत होते. स्प्रेडशीटच्या कल-रेषेत ‘छेद शून्य ठेवा’ अशी खूण करण्याची सोय असते. ती करण्यापूर्वी हा प्रसंग आठवावा.

कल-रेषेबरोबर स्प्रेडशीट समीकरण आणि बिंदू रेषेच्या किती जवळ आहेत हे सांगणारा आकडाही (सहसंबंधाचा वर्ग) देते, आणि तो १ च्या जवळ आला की काम झाले असे मुले मानतात. फ्रान्सिस अँस्कोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच प्रसिद्ध केले होते. चारही संचांची सरासरी, सहसंबंध (सुमारे ०.८२) आणि कल-रेषा (य = ३ + ०.५क्ष) जवळपास एकसारखीच आहे, पण आलेख काढले तर एकात बिंदू रेषेभोवती विखुरलेले, दुसऱ्यात सुबक वक्र, तिसऱ्यात एक भरकटलेला बिंदू सोडून सर्व एका सरळ रेषेत, आणि चौथ्यात एक सोडून सर्व बिंदू एकाच उभ्या रेषेत दिसतात. हे चार आलेख मी दर वर्षी मुलांकडून हाताने काढून घेते. एक तास जातो, पण तो वाया जात नाही.

गणिताच्या आलेखांत अडचणी निराळ्या असतात. तेथे दोन्ही अक्षांचे प्रमाण शक्यतो सारखे ठेवावे. ते नसेल तर क्ष² + य² = २५ हे वर्तुळ अंड्यासारखे दिसते, आणि य = २क्ष व य = −क्ष/२ या रेषा परस्परांना लंब असूनही तशा दिसत नाहीत; चढांचा गुणाकार −१ येतो हे मुले मग डोळ्यांवर विश्वास न ठेवता पाठ करतात. दुसरी नेहमीची अडचण वक्राच्या वळणाची. य = क्ष² − ३क्ष + २ साठी मुले पूर्णांक किंमती घेतात; क्ष = १ आणि क्ष = २ या दोन्हींना य शून्य येतो, आणि ती दोन टोके पट्टीने जोडली की अन्वस्ताचा तळ सपाट होतो. क्ष = १.५ घेऊन −०.२५ हा बिंदू मांडला की तळ गोलाकार येतो. म्हणून तक्ता करताना वळणाजवळ बिंदू दाट घ्यावेत आणि सरळ जाणाऱ्या भागात विरळ चालतील. संगणकही पुष्कळदा हीच चूक निराळ्या रूपात करतो: य = १/क्ष काढताना तो शून्याच्या डावीकडचा शेवटचा बिंदू आणि उजवीकडचा पहिला बिंदू जोडून मध्ये एक उभी रेषा उभी करतो, आणि ती आलेखाचाच भाग आहे असे मुलांना वाटते. असे फल (फंक्शन) दोन तुकड्यांत काढावे.

नावे आणि रंग यांबाबत थोडक्यात लिहिते. प्रत्येक अक्षावर राशीचे नाव आणि कंसात एकक हवे. दोन-तीन वक्र असतील तर कोपऱ्यात सूचीची चौकट करण्यापेक्षा प्रत्येक वक्राच्या टोकाशी त्याचे नाव लिहावे, म्हणजे नजरेला ये-जा करावी लागत नाही. वक्र केवळ रंगाने वेगळे करू नयेत. झेरॉक्समध्ये लाल आणि हिरवा दोन्ही करडेच होतात, आणि ज्यांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत असे विद्यार्थी वर्गात असू शकतात. अखंड, तुटक आणि ठिपक्यांची रेषा हा जुना उपाय आजही चांगला आहे. आपण ज्या राशीची किंमत स्वतः बदलतो ती आडव्या अक्षावर, हा संकेत शिकवावाच. पण अपवादही मोकळेपणाने सांगावा. स्प्रिंगच्या प्रयोगात भार आपण बदलतो, तरी तो पुष्कळदा उभ्या अक्षावर घेतात, कारण मग चढ थेट स्प्रिंगचा स्थिरांक देतो. विभवांतर उभे आणि विद्युतधारा आडवी घेतली तर चढ हा रोध असतो; अदलाबदल केली तर रोधाचा व्यस्त. हे आधी सांगितले नाही तर निम्मा वर्ग उलटे उत्तर काढतो.

आता आपण विचारलेले सॉफ्टवेअर. समीकरणांच्या आलेखांसाठी मी जिओजेब्रा वापरते. अक्षांचे प्रमाण त्यात १ : १ ठेवता येते, ते मोफत वापरता येते आणि आलेख एसव्हीजी स्वरूपात मिळतो. वर्गात चटकन दाखवण्यासाठी डेसमॉस सोपे पडते. मोजमापांसाठी आपले स्प्रेडशीट पुरेसे आहे. एकाच धर्तीचे वीस-तीस आलेख लागत असतील तर पायथन या प्रोग्रामिंग भाषेतले मॅटप्लॉटलिब हे आलेख काढण्याचे साधन शिकण्याचे श्रम फळतात, मात्र माझ्या संगणकावर त्यात देवनागरी जोडाक्षरे तुटतात, म्हणून मी अक्षांची नावे नंतर पत्रिकेत टाकते.

आपला आलेख पुन्हा काढताना आडव्या अक्षावर १ सेंटिमीटरला २ मिनिटे आणि उभ्या अक्षावर १ सेंटिमीटरला ५ अंश घ्यावेत. तो साधारण १० बाय १३ सेंटिमीटरमध्ये बसेल. बिंदूंवर फुल्या राहू द्याव्यात आणि वक्र हाताने किंवा गुळगुळीत रेषेचा पर्याय निवडून काढावा. मग झेरॉक्स काढलेली प्रत एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती देऊन १५ व्या मिनिटाचे तापमान विचारावे. त्याने ४४ अंशांच्या आसपास सांगितले तर आलेख वाचता येतो आहे. साडेपंचेचाळीस सांगितले तर १० आणि २० मिनिटांचे बिंदू अजूनही पट्टीने जोडलेले आहेत.